पहिली आवृत्ती की पुनर्मुद्रण? रेकॉर्ड जमवायला सुरुवात करताना

१९६८ साली बीटल्सचा दोन तबकड्यांचा पांढराशुभ्र अल्बम निघाला, तेव्हा त्याच्या कव्हरवर अनुक्रमांक छापलेले होते. त्यातली ००००००१ क्रमांकाची प्रत बँडचा ड्रमर रिंगो स्टार याच्याकडे होती. २०१५ मध्ये ती लिलावात ७,९०,००० डॉलरना गेली. तिच्यावर जी गाणी आहेत, तीच त्या अल्बमच्या बाकीच्या लाखो प्रतींवरही आहेत.

रेकॉर्ड जमवू पाहणाऱ्याने सुरुवातीलाच ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. दुर्मीळ असते ती एक विशिष्ट छपाई. त्यावरचं संगीत बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी रूपात हाताशी असतं, आणि पुष्कळदा उत्तम रूपात असतं. पुस्तकांच्या बाबतीत आपल्याला हे सहज पटतं: पहिल्या आवृत्तीची ओढ वेगळी आणि वाचनाची ओढ वेगळी. रेकॉर्डच्या बाबतीत मात्र नवा माणूस या दोन ओढींची गल्लत करतो आणि पहिल्याच वर्षी नको त्या वस्तूवर पैसे घालवतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोनेक वर्षं चांगली पुनर्मुद्रणं, म्हणजे रीइश्यू, विकत घ्यावीत. त्यांच्यावर कान तयार करावा. मूळ प्रतींकडे त्यानंतर वळावं. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: प्लेअर

बहुतेक जण उलटं करतात. आधी हौसेने रेकॉर्ड आणतात, मग मिळेल तो प्लेअर. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर मोहात पाडतात, पण त्यांतल्या बऱ्याच प्लेअरची सुई खाचेवर ५-६ ग्रॅमचा भार टाकते. साध्या पण चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, दीड ते दोन ग्रॅम पुरतात. म्हणून तीन गोष्टी पाहा: टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागे फिरवून भार कमी-जास्त करता येणारं वजन आहे का, सुई बदलता येते का, आणि फोनो प्रीॲम्प आतच आहे की वेगळा घ्यावा लागेल. प्रीॲम्पशिवाय आवाज बारीक आणि किनरा येतो. त्याचं कारण असं की रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर फारसं काही मावणार नाही. प्रीॲम्प हा तोल पुन्हा जागेवर आणतो. १९५४ पासून या तोलाचं आर.आय.ए.ए. नावाचं एकच प्रमाण रूढ झालं, म्हणून आज एकच प्रीॲम्प जवळपास सगळ्या एल.पी.ना, म्हणजे लांब वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डना, चालतो.

सुई ५०० ते १,००० तासांत झिजते. जुना प्लेअर घेतलात तर पहिला खर्च नव्या सुईचा समजा. झिजलेली सुई एका रात्रीत चांगल्या रेकॉर्डची खाच कायमची खरवडून ठेवते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या शेलॅक (लाखेच्या) तबकड्यांची खाच कितीतरी रुंद असते. त्यांना वेगळी, जाड सुई लागते. एल.पी.ची सुई त्यांवर चालवू नका.

दुसरी पायरी: रेकॉर्ड घडते कशी, हे समजून घेणं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. मूळ प्रत महाग का, रीइश्यू कधी फसतो आणि कधी मूळ प्रतीपेक्षाही सरस निघतो, या सगळ्याची उत्तरं इथेच आहेत.

स्टुडिओतल्या मास्टर टेपवरून कटिंग लेथ नावाच्या यंत्रावर एका मऊ लेपाच्या तबकडीत खाच कोरली जाते. या तबकडीला लॅकर म्हणतात. लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. ते सोलून काढलं की उलटा ठसा मिळतो, तो फादर. फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर. दोन बाजूंच्या दोन स्टॅम्परमध्ये गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार होते. साधारण हजारभर प्रतींनंतर स्टॅम्पर झिजतो आणि बदलावा लागतो. म्हणजे एकाच अल्बमच्या, एकाच आठवड्यात छापलेल्या दोन प्रतींतही फरक असू शकतो.

यात सगळ्यात मोलाचा माणूस कटिंग करणारा इंजिनिअर. आवाज किती मोठा ठेवायचा, खर्ज किती खोल जाऊ द्यायचा, बाजू कुठे संपवायची, हे तो ठरवतो. १२ इंची एल.पी.च्या अगदी बाहेरच्या खाचेचा एक फेरा सुमारे ९० सेंटीमीटरचा असतो, आतल्या शेवटच्या खाचेचा ४० सेंटीमीटरपेक्षाही कमी. दोन्ही फेऱ्यांना लागणारा वेळ मात्र एकच, १.८ सेकंद. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं म्हणजे बारकावे गुदमरणारच. बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज किंचित फाटल्यासारखा वाटतो, तो बऱ्याचदा यामुळेच. आणि म्हणूनच काही रीइश्यू एका एल.पी.चं संगीत दोन तबकड्यांवर ४५ फेऱ्यांच्या वेगाने पसरून देतात. दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते, पण ऐकून पाहा.

मूळ प्रतीची बाजू भक्कम असते ती दोन कारणांनी: टेप तेव्हा ताजी होती, आणि संगीत घडलं तेव्हा हजर असलेली माणसं कटिंगच्या वेळी आसपास होती. दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांना बहुधा टेपची नक्कल पाठवली जाई, म्हणून ज्या देशात रेकॉर्डिंग झालं तिथली पहिली छपाई संग्राहक शोधतात. मात्र त्या काळी घराघरांतले प्लेअर साधे होते. सुई उडू नये म्हणून इंजिनिअर खर्ज आवरता घेत. हे बंधन आजच्या इंजिनिअरवर तितकं नाही, आणि चांगला रीइश्यू खालच्या स्वरांत जास्त भरीव वाटू शकतो तो यामुळे.

कटिंगने किती फरक पडतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लेड झेपलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमचं. इंजिनिअर रॉबर्ट लुडविग यांनी त्याचं पहिलं कटिंग इतकं दणदणीत केलं की साध्या प्लेअरवर सुई उडते अशी तक्रार आली. कंपनीने लगेच आवाज कमी ठेवून नवं कटिंग करून घेतलं. साल तेच, लेबल तेच, कव्हर तेच. फरक एवढाच की पहिल्या छपाईत लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ‘आर.एल.’ ही इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली आहेत. संग्राहक आज त्या दोन अक्षरांसाठी किंमत मोजतात, आणि इथे ती किंमत आवाजाचीही आहे, नुसत्या नवलाईची नाही.

तिसरी पायरी: कोरी पट्टी वाचायला शिका

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्डची खरी जन्मपत्रिका तिथे असते. विजेरीचा उजेड तिरपा टाका आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या कटिंगचा ओळखक्रमांक, दिसेल, त्यापुढे कधी कटिंगची खेप सांगणारा आकडा, कधी इंजिनिअरची सही. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या जॅझ रेकॉर्डवर रूडी व्हॅन गेल्डर यांचं नाव किंवा आद्याक्षरं असतात. त्याच कंपनीच्या १९६६ पर्यंतच्या छपाईवर प्लास्टिलाइट कारखान्याची वळणदार ‘पी’ची खूणही सापडते. ती कानासारखी दिसते, म्हणून संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात.

हे आकडे डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर टाकून पाहायची सवय लावून घ्या. २००० साली सुरू झालेल्या या सूचीत एकाच अल्बमच्या डझनावारी छपाया वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत. लेबलाचा रंग, पत्त्याची ओळ, कव्हरच्या मागची छपाई, सगळं ताडून पाहता येतं.

काही खुणा तर पट्टी न वाचताही कळतात. कव्हरवर बारकोड छापलेला आहे आणि विकणारा ती प्रत १९६५ ची म्हणतोय, तर ती नंतरची छपाई आहे. रेकॉर्डवर बारकोड रुळले ते १९८० च्या आसपास. वर्तुळातल्या ‘पी’पुढचं साल हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं साल असतं, हातातली प्रत छापल्याचं नव्हे. नवे लोक हमखास अडखळतात ते इथे, आणि विकणारेही पुष्कळदा स्वतःच्याच समजुतीने चुकतात.

चौथी पायरी: प्रतीची अवस्था

जुन्या रेकॉर्डच्या व्यवहारात अवस्था सांगायला गोल्डमाइन मासिकाची श्रेणी वापरतात: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि त्याखालच्या. शब्दांवर जाऊ नका. ‘व्हेरी गुड’ म्हणजे हळुवार जागी खरखर ऐकू येईल, चरे नखाला लागतील. ‘गुड’ म्हणजे सुई अडकणार नाही एवढीच हमी. मी पहिल्यांदा ‘व्हेरी गुड’ वाचून एक पियानोची रेकॉर्ड मागवली होती. तिचा संथ भाग तडतडीखाली पार बुडालेला निघाला. विकणाऱ्याने काहीही खोटं लिहिलं नव्हतं, भाषा मला येत नव्हती. ब्रिटनमधले विक्रेते ‘एक्सलंट’ ही वेगळी श्रेणी वापरतात. ती साधारण ‘व्हेरी गुड प्लस’च्या जवळची समजावी.

कव्हर आणि तबकडी यांची श्रेणी वेगवेगळी सांगितलेली असते, दोन्ही वाचा. आणि रेकॉर्ड नुसती पाहून श्रेणी दिली आहे की वाजवून, हे आवर्जून विचारा. वरवर चकचकीत दिसणारी रेकॉर्ड जड सुईने आतून झिजलेली असू शकते, आणि केसासारख्या चऱ्यांनी भरलेली रेकॉर्ड सुरेख वाजू शकते. हातात घेऊन पाहायची संधी असेल तर ती दिव्याखाली तिरपी धरा. खाचांवर राखाडी झाक असेल तर झीज आहे. ती कितीही धुतली तरी जात नाही. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकली आहे का ते पाहा. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक रेघांचं जाळं असेल, तर ती पुष्कळ वेळा वाजली आहे.

पाचवी पायरी: रीइश्यू निवडणं

बाजारात रीइश्यूंचा पूर आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त संख्येने विकल्या गेल्या. मागणी एवढी असताना चांगलं-वाईट सगळंच छापलं जाणार. म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी शोधा: कटिंग कोणी केलं, कशावरून केलं, आणि ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्या परवानगीने छापलंय का.

चांगला प्रकाशक ही माहिती लपवत नाही. इंजिनिअरचं नाव कव्हरवर किंवा प्रकाशकाच्या पत्रकात असतं. याबाबत ब्लू नोटची आजची व्यवस्था नव्या माणसाने नीट पाहावी. २०१९ मध्ये त्यांनी ‘टोन पोएट’ ही देखणी मालिका काढली, जाड दुमडती कव्हरं, आतल्या बाजूला मोठी छायाचित्रं. पुढच्या वर्षी ‘क्लासिक व्हायनल’ ही कमी किमतीची मालिका आली. कव्हर साधं, कारखाना वेगळा, पण दोन्हींचं कटिंग केव्हिन ग्रे यांचंच. कानाला हवं ते स्वस्त मालिकेतही मिळतं. परवडणाऱ्या रीइश्यूवर माझा इतका जीव आहे तो याचसाठी: ज्या संगीताची मूळ प्रत आयुष्यात हाती लागणार नाही, ते उत्तम कटिंगमध्ये रोज वाजवता येतं, आणि चरा पडेल म्हणून छातीत धडधड होत नाही.

सावध राहायचं ते निनावी प्रतींपासून. युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली, पण १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्ड त्याआधीच हक्कांतून मोकळ्या झाल्या होत्या. त्यामुळे त्या काळचं जॅझ आणि ब्लूज तिथे कोणीही छापू शकतो. मास्टर टेप हाती नसलेले असे प्रकाशक बहुधा सीडीवरून किंवा जुन्या रेकॉर्डवरूनच काम भागवतात. छपाई बेकायदा नसते, किंमत मोहक असते, कव्हरवर ‘१८० ग्रॅम’ असं ठळक लिहिलेलं असतं. वजनाने आवाज सुधारत नाही. जड तबकडी हाताला छान लागते, एवढंच. स्रोताबद्दल एक अक्षर नाही आणि वजनाबद्दल मोठी घोषणा आहे, अशी रेकॉर्ड मी परत ठेवतो.

डिजिटल म्हणजे वाईट, असंही धरून चालू नका. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही महागडे रीइश्यू काढणारी कंपनी बरीच वर्षं मधल्या टप्प्यात डिजिटल नक्कल वापरत होती. ग्राहक मात्र त्या रेकॉर्ड संपूर्ण ॲनालॉग, म्हणजे डिजिटल टप्प्याशिवाय टेपवरून कोरलेल्या, समजून घेत होते. प्रकरण न्यायालयात गेलं. माहिती दडवली, हा दोष मोठाच. पण त्याच रेकॉर्डचं जाणकार कानांनी वर्षानुवर्षं कौतुक केलं होतं, हेही खरं. काळजीने केलेली डिजिटल नक्कल आणि जाणता इंजिनिअर यांच्या हातून सुंदर रेकॉर्ड निघते.

एक मधला रस्ताही आहे, आणि तो फार कमी नव्या लोकांना ठाऊक असतो: जुने रीइश्यू. १९७० आणि ८० च्या दशकांत निघालेली पुनर्मुद्रणं बऱ्याचदा मूळ टेपवरूनच कोरलेली होती. फँटसी कंपनीची ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ मालिका पाहा. जपानी छपाया पाहा, ज्यांच्या कव्हरवर ओबी नावाची कागदी पट्टी असते आणि ज्यांचं व्हायनल, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, अतिशय शांत असतं. ‘पहिली छपाई’ हा शिक्का नसल्याने त्यांची किंमत आटोक्यात राहते.

आणि काही वेळा तर रीइश्यू हीच संगीताची खरी पहिली भेट असते. व्हॅश्टी बुन्यन या गायिकेचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला, जेमतेम काही शे प्रती खपल्या, आणि तिने गाणं सोडून दिलं. ३० वर्षांनी, २००० साली, तो पुन्हा छापला गेला. श्रोते मिळाले, आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. सिक्स्टो रॉड्रिगेझ या गायकाच्या १९७० च्या अल्बमला त्याच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, कोणी विचारलं नव्हतं. २००८ मध्ये ‘लाइट इन द ॲटिक’ या कंपनीने तो पुन्हा काढला. जुनी प्रत एका हातून दुसऱ्या हाती विकली जाते तेव्हा कलाकाराला त्यातला एक पैसाही मिळत नाही. परवानगीने काढलेल्या रीइश्यूतून मिळू शकतो.

सहावी पायरी: खरेदी

आधी वीस अल्बमांची यादी करा, जे तुम्ही वारंवार ऐकता असे. प्रसिद्ध आहेत म्हणून नव्हे. प्रत्येकापुढे कोणता रीइश्यू चांगला मानला जातो ते लिहा, मग महिन्याला एक-दोन घ्या. ‘मर्यादित आवृत्ती’, रंगीत व्हायनल, २००८ पासून दर वर्षी होणाऱ्या रेकॉर्ड स्टोअर डेच्या खास प्रती यांच्यामागे घाईने धावू नका. बऱ्याच अल्बमांचं साधं काळं पुनर्मुद्रण पुढे येतं. किंमत ठरवताना मागितलेला भाव बघू नका. डिस्कॉग्जवर त्याच छपाईच्या मागच्या प्रती प्रत्यक्षात कितीला गेल्या, ते दिसतं. तोच आकडा धरा.

नवी रेकॉर्ड आली की लगेच, दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. नव्या छपाईतही दोष निघतात: भोक केंद्रात नसणं, ज्यामुळे लांब स्वर हेलकावे खातो, किंवा खाच पूर्ण न भरल्याने येणारी फाटल्यासारखी खर्रखर्र. परत करायची मुदत संपण्याआधी हे कळायला हवं.

सातवी पायरी: निगा

वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा. जुनी रेकॉर्ड आल्याबरोबर एकदा नीट धुवा, त्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा. शेलॅकच्या तबकडीला अल्कोहोल लावाल तर ती विरघळू लागेल. आतलं कागदी पाकीट काढून अँटीस्टॅटिक प्लास्टिकचं घाला. बाहेरचं पारदर्शक आवरण पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांनी रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक कधीच नाही, आणि उन्हापासून दूर.

मूळ प्रत केव्हा घ्यायची?

एखादा रीइश्यू इतका ऐकला असेल की कुठल्या ओळीनंतर वादक श्वास घेतो हे तोंडपाठ झालंय, तर त्या अल्बमची मूळ प्रत शोधायला हरकत नाही. एकच शोधा, परत करता येईल अशा बोलीवर, वाजवून श्रेणी दिलेली. घरी आली की दोन्ही प्रती एकाच प्लेअरवर, आवाज काटेकोर सारखा ठेवून ऐका. कारण थोडी मोठ्याने वाजणारी प्रत नेहमीच सरस भासते. शक्य असेल तर रेकॉर्ड दुसऱ्या कोणाला बदलायला सांगा आणि स्वतः प्लेअरकडे पाठ फिरवून बसा. मूळ प्रतीत तुम्हाला काही जास्त सापडलं, तर ती ठेवा आणि कशामुळे ते डेड वॅक्सवर शोधा. नाही सापडलं, तर मुदतीत परत पाठवा आणि यादीतला पुढचा अल्बम मागवा.